परमुलखांत आपला पैसा
(नभोवाणीवरील भाषण)

अमरावती-अकोल्याकडील सुशिक्षित घरांत हल्लीं एक प्रश्न वारंवार कानीं येतो. मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठीं अगर नोकरीसाठीं परदेशीं असते, आईबापांना तिकडे जावयाचें असतें, लोणचें-पापड बांधून होतात, पेट्यांचीं वजनें करून होतात, आणि शेवटीं कोणी तरी विचारतें, "पैसे कोणते न्यावयाचे? आपले रुपये तिकडे चालतील काय? डॉलर घ्यावे, कीं त्या देशाचें नाणें घ्यावें?" उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. एक म्हणतो, डॉलर जगांत कोठेंहि चालतो. दुसरा म्हणतो, कार्ड जवळ असलें म्हणजे झालें. तिसरा सांगतो, विमानतळावर सर्व कांहीं मिळतें. तिन्ही उत्तरांत थोडथोडें तथ्य आहे, आणि तिन्ही उत्तरांवर विसंबणाऱ्याचा खिसा थोडथोडा हलका होतो. म्हणून या प्रश्नाचा आज मुळापासून विचार करावा, असें मीं योजिलें आहे.

या विचारासाठीं वऱ्हाडी माणसाला लंडन-न्यूयॉर्कपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. आपल्या आजोबा-पणजोबांना परक्या चलनाचा अनुभव घरापासून एकदोन दिवसांच्या वाटेवरच मिळत असे. वाशीमहून निघालेली गाडी हिंगोलीच्या रस्त्याला लागली, किंवा उमरखेडकडून पैनगंगेचा उतार ओलांडला, कीं कमरेचा रुपया तोच राही, पण बाजारांत त्याचा हिशेब बदले. ही हकीकत आधीं सांगतों. कारण ती नीट समजली, तर डॉलर-पौंडांचें कोडें फारसें कठीण राहत नाहीं.

सन १८५३ च्या तहानें वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. पुढें १९०२ मध्यें, दरसाल पंचवीस लक्ष रुपयांच्या ठरीव रकमेवर, इंग्रजांनीं तो कायमच्या पट्ट्यानें घेतला आणि १९०३ मध्यें मध्यप्रांताच्या कारभाराला जोडला. कागदोपत्रीं धनीपण निजामाकडेच राहिलें. परंतु बाजारांत, कचेरींत आणि टपालांत चलन मात्र इंग्रज सरकारचें. पैनगंगेपलीकडील हिंगोली, नांदेड, परभणी, त्या वेळचें औरंगाबाद म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता, आणि तेथें संस्थानाचें स्वतःचें नाणें चाले. भाषा मराठीच, देव तेच, सोयरेधायरेहि तेच. रुपया मात्र निराळा.

संस्थानच्या रुपयाला 'हाली सिक्का' म्हणत आणि इंग्रजी रुपयाला 'कलदार'. हाली म्हणजे सध्यां चालू असलेला. आपला 'हल्लीं' हा शब्दहि त्याच मुळापासून आलेला आहे. कलदार म्हणजे कळीवर, अर्थात् यंत्रावर, पाडलेला. पुढें हैदराबादच्या टांकसाळींतहि यंत्रें आलीं, नाण्यावर चारमिनारचें सुबक चित्र उमटूं लागलें, आणि १९१८ पासून संस्थानच्या कागदी नोटाहि निघाल्या. त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगु आणि कानडी अक्षरेंहि असत. तरीसुद्धां कलदार हें नांव इंग्रजी रुपयालाच चिकटून राहिलें. दोन्ही रुपयांना सोळाच आणे आणि दोन्ही आण्यांना बाराच पै. नांवें तींच आणि हिशेबाची रीतहि तीच, म्हणूनच घोटाळा अधिक. अगदीं अनोळखी नाणें हातीं आलें म्हणजे माणूस आपोआप सावध होतो. परंतु दोहींकडे 'रुपया' हाच शब्द असला म्हणजे तो सावधपणा सुटतो.

मग दोन रुपयांच्या किंमतींत फरक कां होता? त्याचें मूळ चांदींत आहे. १९४० च्या फेरबदलापूर्वींच्या कलदार रुपयाचें वजन बरोबर एक तोळा, म्हणजे बारा मासे. त्यामुळें तराजूंत तोळ्याचें वजन म्हणूनहि तो रुपया टाकतां येई. त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी अकरा मासे. चारमिनारचा हाली रुपया साडेअकरा मासे वजनाचा आणि त्यांत चांदी शेकडा सुमारें ब्याऐंशी. म्हणजे शुद्ध चांदी साडेनऊ माशांहून किंचित् कमी. या दोन वजनांचें जें प्रमाण पडतें, त्याच्या अगदीं जवळ दोन्ही रुपयांची हुंडणावळ, म्हणजे एकाच्या बदल्यांत दुसरा मिळण्याचा दर, ठरलेली होती. सरकारी हिशेबांत शंभर कलदार म्हणजे हाली ११६ रुपये १० आणे ८ पै. आंकडा ऐकावयास अवजड वाटतो. पण त्रैराशिक करून पाहिलें तर अर्थ सोपा निघतो. सहा कलदार बरोबर सात हाली.

आतां हें कोष्टक घेऊन आपण बाजारांत जाऊं. माहूरगडावर रेणुकेच्या दर्शनाला निघालेल्या एका वऱ्हाडी यात्रेकरूजवळ तीस कलदार आहेत, असें समजा. सराफाकडे गेला तर त्याचे पस्तीस हाली व्हावयाचे. सराफ आपली वटणावळ, म्हणजे नाणें बदलून देण्याची मजुरी, कापून घेईल. तरी चौतीस-साडेचौतीस हातीं येतील. पण सराफाकडे जाण्याचा कंटाळा करून आपला यात्रेकरू सरळ दुकानावर गेला. जिन्नस सात आणे हालीचा. यानें सात आणे कलदार मोजले. दुकानदारानें नाहीं म्हटलें नाहीं, उलट आनंदानें पैसे घेतले. सहा आण्यांच्या जागीं सात आणे गेले. अशाच रीतीनें सारे रुपये बरोबरीनें खर्चले, तर पस्तीस हालींचा माल मिळावयाचा तेथें तिसांचाच मिळाला. पांच रुपये कोणी चोरले नाहींत, कोठें सांडले नाहींत, आणि तरी ते गेले. एका कलदारामागें हें नुकसान सव्वादोन आण्यांहून थोडें अधिकच पडतें. पूर्वींच्या काळीं सव्वादोन आणे म्हणजे गरिबाच्या घरीं लहान रक्कम नव्हती.

उलट दिशेनें येणाऱ्याची अडचण याहून निराळी. शेगांवला गजानन महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला निघालेल्या मराठवाड्यांतील माणसाजवळ हाली असे. तो वऱ्हाडच्या दुकानांत बरोबरीनें घेतला जाणें शक्य नव्हतें, आणि कमी भावानेंहि तो सुखासुखीं कोण घेणार? घेणाऱ्याला तो पुढें कोठें तरी खपवावयाचा असे. औंढा नागनाथ, नांदेडचें गुरुद्वार, वेरूळचें घृष्णेश्वर अशा यात्रा, गुरांचे बाजार, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना जुळलेल्या सोयरिकी, यांमुळें ही देवघेव सारखी चालू राही. कर्जाच्या वा खरेदीच्या कागदांत नुसते 'रुपये शंभर' लिहून भागत नसे. हाली कीं कलदार हें स्पष्ट लिहावें लागे. तो एक शब्द राहून गेला, तर शंभरामागें सोळा-सतरा रुपयांच्या तंट्याला जागा झाली.

श्रोतेहो, माहूरच्या त्या कल्पित दुकानदाराला लबाड ठरविण्याचा माझा हेतु नाहीं. त्यानें यात्रेकरूवर सक्ती केली नव्हती. शिवाय आलेले कलदार सांठवून, सराफाकडे नेऊन, त्यांचे हाली करण्याची यातायात त्यालाच करावयाची होती. म्हणजे तो एकाच वेळीं वाण्याचें आणि सराफाचें काम करीत होता. फक्त सराफीची पाटी त्यानें लावली नव्हती आणि वटणावळ किती तें तोंडानें सांगितलें नव्हतें. यावरून या विषयांतलें मुख्य तत्त्व निघतें. सीमा ओलांडल्याबरोबर आपला पैसा हा पैसा राहत नाहीं. तो माल होतो. आपल्या गांवीं आपण रुपया देऊन माल घेतों. परमुलखांत आधीं रुपया विकावा लागतो, मग माल घ्यावा लागतो. हीं दोन कामें एकाच क्षणीं, एकाच माणसाशीं उरकलीं, तर पहिल्या कामांतलें नुकसान दुसऱ्यांत दडून राहतें.

माल विकण्याचा न्याय वऱ्हाडांत कोणाला समजावून सांगण्याची गरज नाहीं. ज्याला आजच पैसे हवे असतात आणि जो भाव न विचारतां गांवांतल्या गांवांत कापूस घालतो, त्याला भाव कमी मिळतो. त्याचा कापूस हलका असतो म्हणून नव्हे. विकण्याची जागा आणि वेळ त्याच्या सोयीची नसते म्हणून. हें ओळखूनच १८८६ मध्यें आपल्या कारंजा येथें हिंदुस्थानांतील पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्यें वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. त्यांतील तत्त्वें साधीं आहेत. माप खरें असावें, भाव उघड बोलला जावा, आणि विकणाऱ्यासमोर एकाहून अधिक गिऱ्हाइकें असावीं. परदेशीं रुपया वा डॉलर विकतांनाहि याच तीन गोष्टी पाहावयाच्या असतात.

या दृष्टीनें विमानतळावरील पैसे बदलण्याच्या पेढीकडे पाहा. तेथें विकणारा घाईंत आहे, थकलेला आहे, दुसरी पेढी एक तर नाहीं किंवा तिचाहि भाव तसाच आहे. गांवांतल्या गांवांत कापूस घालणाऱ्याची जी स्थिति, तीच त्याची. अशा पेढीवर 'वटणावळ नाहीं' अशी पाटी असली तरी भुलूं नये. वटणावळ निराळी सांगितली नाहीं, तर ती भावांत मिसळलेली असते. फळ्यावर नेहमीं दोन भाव लिहिलेले असतात, एक पेढीच्या खरेदीचा आणि एक विक्रीचा. त्या दोहोंमधलें अंतर हीच पेढीची मिळकत. अंतर थोडें तेवढी पेढी बरी. समजा, बदलतांना दर वेळीं शेकडा दोन जातात. शंभर रुपयांचें परकें नाणें घेतलें आणि कांहींच खर्च न करतां परत रुपये केले, तरी हातीं शहाण्णवच येतील. म्हणून बदल एकदांच, लागेल तेवढाच, आणि शक्य तर शहरांतल्या परवाना असलेल्या पेढींत भाव विचारून करावा.

डॉलर कोठेंहि चालतो, ही समजूतहि याच कसोटीला लावून पाहावी. रुपयांचे डॉलर केले आणि तिकडे जाऊन डॉलरांचें तेथील नाणें केलें, तर वटणावळ दोनदां पडते. ज्या देशाचें चलन आपल्याकडील पेढींत सहज मिळतें, उदाहरणार्थ युरो, पौंड, दिरहाम किंवा येन, तेथें जातांना तेंच थोडें बरोबर न्यावें. ज्याचें नाणें येथें सहसा मिळत नाहीं, तेथें जातांना मात्र डॉलर वा युरो नेऊन त्या देशांतील शहरांत बदलणें सोयीचें पडतें. अशा वेळीं नोटा स्वच्छ आणि न फाटलेल्या असाव्यात; मळक्या किंवा शाई लागलेल्या डॉलरांना परदेशांतील पेढ्या पुष्कळदां हात लावीत नाहींत. युरोच्या नोटा १ जानेवारी २००२ पासून प्रचारांत आल्या आणि आज त्या वीसहून अधिक देशांत चालतात. पण स्वित्झर्लंडचा फ्रँक निराळा, झेक देशाचा कोरुना निराळा. स्वित्झर्लंडमधील कित्येक दुकानदार युरो घेतात, पण मोड फ्रँकमध्यें देतात, आणि भाव त्यांच्या मनाचा. हाली मुलखांतला कलदार तो हाच.

याहून जवळचें उदाहरण नेपाळचें. तेथेंहि चलनाला रुपयाच म्हणतात. १९९३ पासून भारताच्या शंभर रुपयांना नेपाळचे एकशें साठ, असा ठरीव दर आहे. म्हणून तेथील दुकानदार किंमत सांगतांना 'आय्. सी.' कीं 'एन्. सी.', म्हणजे भारतीय कीं नेपाळी, असा खुलासा करतो. पशुपतिनाथाला गेलेल्या प्रवाशानें आठशें रुपये ऐकून आपले आठशें मोजले, तर त्यानें पांचशेंच्या जागीं आठशें दिले. तेथें आणखी एक अडचण असते. डिसेंबर २०१८ मध्यें नेपाळनें शंभरापेक्षां मोठ्या भारतीय नोटांना मनाई केली. हे नियम वेळोवेळीं बदलतात. म्हणून निघण्यापूर्वीं चौकशी केल्यावांचून पांचशेंच्या नोटांची गड्डी बांधून तिकडे जाऊं नये. भूतानची गोष्ट त्यामानानें सुखाची आहे. १९७४ पासून तेथील ङुल्त्रुम आपल्या रुपयाच्या बरोबरीचा आहे आणि आपला रुपयाहि तेथें कायदेशीर चालतो. परंतु बरोबरी एकाच बाजूनें उपयोगी पडते. भूतानी नोटा अकोल्याच्या बाजारांत कोणी घेणार नाहीं. त्या तिकडेच खर्चून वा बदलून यावें.

एके काळीं आपला रुपया समुद्रापलीकडेहि घरच्यासारखा वावरत असे. कुवेत, बहरिन, कतार आणि आज संयुक्त अरब अमिराती म्हणून ओळखला जाणारा किनारा येथें भारतीय रुपयाच चाले. १९५९ मध्यें रिझर्व्ह बँकेनें त्या भागासाठीं निराळ्या नोटा काढल्या. सोन्याच्या चोरट्या व्यापारांत भारतीय नोटा तिकडे जात आणि त्या परत आल्या म्हणजे भारताला आपल्या गंगाजळींतून परकीय चलन मोजावें लागे. तें थांबविणें हा त्यांतला हेतु होता. त्याच सुमारास हजला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठींहि दहा आणि शंभर रुपयांच्या निराळ्या खुणेच्या नोटा काढण्यांत आल्या. पुढें १९६६ पर्यंत ते ते मुलूख दुसऱ्या चलनांकडे वळले. इकडे गोव्यांतहि पोर्तुगीज अंमलांत आधीं 'रुपिया' आणि १९५८ नंतर 'एस्कुदो' चाले. १९६१ मध्यें तो अंमल संपला. नाणें हें राज्याच्या मागून चालतें, आणि राज्याची मर्यादा हलली कीं त्याचीहि हलते.

हाली सिक्क्याचा शेवट याच कारणानें झाला. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत आलें. १९५० मध्यें भारतीय रुपया तेथें हालीच्या बरोबर चालूं लागला. दर तोच, सात हालींस सहा. हाली काढणें बंद झालें आणि १९५९ मध्यें त्याचें चलन म्हणून असलेलें आयुष्य कायदेशीर रीत्या संपलें. ज्यांनीं वेळेवर बदल केला त्यांचें कांहीं गेलें नाहीं. गाडग्यांत पुरून ठेवलेल्या हाली रुपयांत निदान चांदी तरी उरली; नोट सांठविणाऱ्याच्या हातीं मात्र कागद उरला.

हें सांगण्याचें कारण असें, कीं परदेशाहून परत आल्यावर उरलेल्या नोटा कपाटांत ठेवून देण्याची चाल आपल्याकडे फार आहे. 'पुढल्या खेपेला उपयोगी पडतील' असें आपण म्हणतों, आणि पुढली खेप पांच वर्षांनीं येते. ब्रिटनमध्यें वीस व पन्नास पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानांत चालेनाशा झाल्या; ज्यांच्या कपाटांत त्या होत्या त्यांना आतां बँक ऑफ इंग्लंडचें दार ठोठवावें लागतें. फ्रान्सचे जुने फ्रँक बदलून देण्याची मुदत १७ फेब्रुवारी २०१२ रोजीं संपली. त्यानंतर त्या नोटांचा उपयोग संग्राहकांनाच. आपल्याकडेहि ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं पांचशें व हजाराच्या जुन्या नोटा रद्द झाल्या, तेव्हां नेपाळांतील लोकांकडे आणि बँकांकडे पडलेल्या भारतीय नोटांचा प्रश्न वर्षानुवर्षें रेंगाळला. ज्या देशाची वर्तमानपत्रें आपण रोज वाचीत नाहीं, त्या देशाचें नाणें फार दिवस घरांत ठेवूं नये.

आपल्या जुन्या व्यापाऱ्यांनीं या सर्व कटकटींवर एक नामी तोड काढली होती. ती म्हणजे शक्य तेथवर नाणें बरोबर न्यावयाचेंच नाहीं. कापसाच्या व्यापारांत पेढीवर हुंडी लिहून दिली, कीं दूरच्या पेठेंत तेथील नाण्यांत पैसे मिळत. दाखवितांच पैसे द्यावयाचे ती दर्शनी हुंडी, ठराविक दिवसांनीं द्यावयाचे ती मुदती हुंडी, आणि पतदार माणसाच्याच हातीं पैसे पडावे अशी शहाजोग हुंडी. हुंडी हरवली तर 'पेठ' मिळे, तीहि हरवली तर 'परपेठ'. चोराला थैलींतले रुपये उपयोगी पडत. शहाजोग हुंडी पडत नसे. १८९१ मध्यें अमेरिकन एक्सप्रेस कंपनीनें प्रवाशांसाठीं जे धनादेश काढले, त्यांतली कल्पना अशीच होती. आजचें कार्ड हें त्याच कुळांतलें आहे. तें हरवलें तर बँकेला कळवून बंद करतां येतें आणि हिशेबहि लिहिलेला राहतो. म्हणून मोठा खर्च कार्डानें आणि किरकोळ खर्च तेथील रोख नाण्यानें, ही वांटणी बहुतेक देशांत सोयीची ठरते.

परंतु कार्डवाल्यालाहि माहूरचा तो दुकानदार भेटल्यावांचून राहत नाहीं. परदेशांतील दुकानांत किंवा उपाहारगृहांत कार्ड लावलें, म्हणजे यंत्राच्या पडद्यावर पुष्कळदां प्रश्न उमटतो, रक्कम येथील चलनांत घ्यावी, कीं तुमच्या रुपयांत? रोख पैसे देणारें यंत्रहि असेंच विचारतें. रुपयांचा आंकडा ओळखीचा दिसतो, जिवाला बरें वाटतें, आणि बोट तिकडे वळतें. श्रोतेहो, 'हाली कीं कलदार' हाच तो प्रश्न! रुपये निवडले कीं विनिमयाचा भाव त्या दुकानदाराच्या बाजूची पेढी ठरविते, आणि तींत शेकडा तीन-चार, कधीं त्याहूनहि अधिक, तिची मिळकत मिसळलेली असते. तेथील चलन निवडलें तर भाव कार्डाच्या व्यवस्थेचा आणि आपल्या बँकेचा लागतो. आपली बँकहि आपली वटणावळ घेते. पण ती किती तें निघण्यापूर्वीं विचारून ठेवतां येतें, आणि ती सहसा त्याहून कमी असते. म्हणून यंत्रानें विचारलें तर उत्तर एकच द्यावें, जो देश त्याचें नाणें. पडद्यावरील अक्षरें न समजल्यास बटण दाबण्यापूर्वीं विचारावें. मागें चार माणसें उभीं आहेत म्हणून घाई करूं नये.

आतां नियमांविषयीं थोडेंसें. १९७० च्या आगेमागें परदेशीं निघालेल्या सामान्य प्रवाशाच्या हातीं अवघे आठ डॉलर पडत, इतकी परकीय चलनाची टंचाई होती. ते दिवस गेले. आज भारतांत राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षांत अडीच लक्ष डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेतां वा पाठवितां येते. पण त्यांपैकीं नोटा-नाण्यांच्या रूपांत बहुतेक देशांसाठीं एका प्रवासाला तीन हजार डॉलरपर्यंतच घेतां येतात. आपले रुपये बरोबर नेण्याची सर्वसाधारण मर्यादा पंचवीस हजारांची आहे, आणि ती परत येतांना घरीं पोंचण्याच्या खर्चापुरती समजावी. उरलेलें परकीय चलन परतल्यापासून एकशें ऐंशीं दिवसांच्या आंत परत करावयाचें असतें. दोन हजार डॉलरपर्यंत मात्र जवळ ठेवण्याची मुभा आहे. परत येतांना पांच हजार डॉलरांहून अधिक किंमतीच्या परकीय नोटा जवळ असल्यास जकात-अधिकाऱ्याला तसें लिहून द्यावें लागतें. परवाना असलेल्या पेढीची पावती जपून ठेवावी. परत विकतांना तीच उपयोगी पडते. हे नियम सरकार बदलीत असतें, तेव्हां तिकीट काढल्यावर आपल्या बँकेंत जाऊन ते एकदां पडताळून पाहणें उत्तम.

हें सर्व ऐकून कोणी म्हणेल, "मास्तर, शेकडा तीन-चारासाठीं एवढी यातायात कशाला?" पैसेवाल्याला हें म्हणणें शोभेल. पण परदेशीं जाणारे सारेच पैसेवाले नसतात. आयुष्यभराच्या शिलकेंतून एकदांच मुलाला भेटावयास निघालेलीं वृद्ध मातापितरें असतात, कर्ज काढून शिकावयास गेलेली मुलगी असते, हजला किंवा पशुपतिनाथाला निघालेला शेतकरी असतो. दर न विचारल्याचा दंड अशांनाच जड जातो. आणि न विचारण्याचें कारण बहुधा अज्ञान नसून संकोच असतो. 'भाव काय?' हें विचारलें तर आपण खेडवळ दिसूं, ही भीति. वस्तुतः कापूस विकतांना भाव विचारणाऱ्याला कोणी खेडवळ म्हणत नाहीं. मग रुपया विकतांनाच लाज कां वाटावी? मुलानें हातीं कार्ड दिलें, तर त्याच्याकडून हेंहि समजून घ्यावें; त्यानें आपला दर आईबापांना पैपैसह सांगावा, यांत दोघांचाहि मान आहे.

सारांश, परमुलखीं जातांना थोडें तेथील नाणें, एक-दोन कार्डें आणि आडवेळेसाठीं कांहीं स्वच्छ डॉलर एवढें जवळ असावें. दर दोन ठिकाणीं विचारावा, बदल एकदांच करावा, यंत्रानें विचारल्यास तेथील चलन सांगावें, आणि उरलेलें नाणें परत येण्यापूर्वीं वा आल्याबरोबर मोकळें करावें. सहा कलदारांचे सात हाली होतात, हें ठाऊक असलेला माणूस माहूरला फसत नसे. आज कोष्टक बदललें आहे, एवढेंच.